आतड्याची शिवण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या दिवशी कुणाचे डोके फुटते, कुणाचा हात मोडतो, आणि डॉक्टरमंडळी टाके घालीत बसतात. जखम दिसते म्हणून टाका पडतो. पण याच दिवसांत, ऐन पावसाळ्यात, आपल्या गावांतून आणखी एक गोटमार चाललेली असते. तिच्यात दगड दिसत नाहीत, रक्तही बहुधा दिसत नाही. ती लहान मुलांच्या पोटात चालते, आणि जी शिवण तिच्यात उसवते ती डोळ्यांनी दिसण्याजोगी नसते. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. आम्ही भाषेचे शिक्षक; शास्त्र हे आमचे क्षेत्र नव्हे, आणि आमच्या शास्त्रशिक्षक बंधूंच्या अंगणात शिरल्याबद्दल त्यांनी रागावू नये. पण गेल्या पावसाळ्यात जे पाहिले त्यानंतर गप्प बसणे आम्हांस जमले नाही.

श्रावणात आमच्या आठवीच्या वर्गातील एक मुलगी सलग नऊ दिवस शाळेत आली नाही. चौकशीसाठी तिच्या घरी गेलो. घर सौंसरच्या वाटेवरील एका खेड्यातले. आईवडील संत्र्याच्या बागेत मजुरीस जाणारे. मुलीचा दीड वर्षाचा भाऊ हगवणीने गळून पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, रडतानाही डोळ्यांत पाणी नाही. शेजारी भरलेला तांब्या झाकून ठेवलेला, मुलापासून हातभर दूर. आम्ही विचारले, "आजी, पाणी पाजता ना याला?" आजी म्हणाल्या, "पानी देलं का पानीच जाते नं, गुरुजी. म्हनून बंद केलं."

मुलाला आणि त्याच्या आईला आम्ही मोटारसायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात नेले. मूल वाचले. परंतु आजींचे ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. त्या बाईंच्या मायेत काही उणे नव्हते. त्यांचा तर्कही वेडगळ नव्हता: आतडे म्हणजे एक नळी, वरून ओतले की खालून जाणार. नळीविषयी हे म्हणणे बरोबरच आहे. आतडे नळी नाही, एवढीच काय ती अडचण.

आतड्याच्या आतल्या बाजूस जे अस्तर असते ते पेशींच्या अवघ्या एका थराचे असते. एकच थर! कातडीला किती तरी थर असतात, ती घासली तरी पुन्हा येते. आणि येथे अन्न, पाणी, जंतू, मळ हे सारे एका बाजूस आणि आपले रक्त दुसऱ्या बाजूस, मध्ये पेशींची एक रांग. हे अस्तर घड्याघड्यांचे असते, त्यावर मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, त्यामुळे त्याचा पसारा मोठा होतो. पूर्वीच्या पुस्तकांत तो टेनिसच्या मैदानाएवढा असल्याचे छापून येत असे. २०१४ साली स्वीडनमधील दोन संशोधकांनी पुन्हा हिशेब केला तेव्हा तो सुमारे ३२ चौरस मीटर भरला. म्हणजे मैदान गेले आणि एक लहानशी वर्गखोली उरली. तरीही एका माणसाच्या पोटात एक वर्गखोली मावते हे काही थोडे नवल नाही. शिवाय या खोलीच्या फरशा दर चार-पाच दिवसांनी आपोआप बदलल्या जातात. जुनी पेशी गळते, नवी तिच्या जागी सरकते.

आता प्रश्न असा की, एकीला एक लागून उभ्या असलेल्या या पेशींच्या मधल्या फटींचे काय? एकोणिसाव्या शतकातील सूक्ष्मदर्शकात पेशींच्या माथ्याजवळ एक गडद रेघ दिसे, आणि ती जोडणारी चुन्यासारखी लाद असावी असा समज होता. १९६३ साली मेरिलिन फार्कर आणि जॉर्ज पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती रेघ पाहिली. लाद वगैरे काही नव्हतीच. शेजारच्या दोन पेशींची आवरणे माथ्याजवळ पट्ट्याप्रमाणे सभोवार एकमेकींना अगदी भिडली होती. या पट्ट्याला शास्त्रात 'टाइट जंक्शन' म्हणतात. आम्ही त्याला शिवण म्हणतो. हा धागा कशाचा, हे कळण्यास पुढे तीस वर्षे लागली. जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली 'ऑक्लुडिन' आणि १९९८ साली 'क्लॉडिन' ही प्रथिने शोधून काढली. बंद करणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून क्लॉडिन हे नाव आले आहे. आमच्यासारख्या भाषेच्या माणसास तेवढेच समाधान!

पण नाव बंद करण्याचे असले, तरी शिवण पुरती बंद नसते, आणि खरी गंमत येथेच आहे. क्लॉडिनचे वीसहून अधिक प्रकार आहेत. काही फट मिटवितात, काही मुद्दाम बारीक छिद्रे ठेवितात. मीठ आणि पाणी यांस त्या छिद्रांतून वाट मिळते. जंतूंस आणि अन्नाच्या मोठ्या अपचित तुकड्यांस मिळत नाही. साखर वगैरे पोषक द्रव्ये शिवणीतून नव्हे, तर पेशीच्या दारातून, नावनिशी विचारून आत घेतली जातात. शिवाय ही वीण प्रसंगानुसार सैल आणि घट्ट होते. गोणीची शिवण एकदा मारली की मारली. ही शिवण जिवंत आहे.

आजींच्या तर्काचे उत्तर आता देता येते. कॉलऱ्याचा जंतू आतड्याची भिंत पाडत नाही. तो एक विष सोडतो. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली ते दाखवून दिले. त्या विषाच्या हुकमाने पेशी मीठ व पाणी बाहेर ओतू लागतात. पण साखरेचे दार उघडेच राहते, आणि हे दार असे आहे की साखरेचा हात धरून मीठही आत येते. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० साली प्रागच्या परिषदेत मांडली. मीठ आत गेले की त्यामागून पाणी जाते; आणि साखर आत शिरू लागली म्हणजे शिवणही जरा सैल होऊन पाण्याला वाट देते, असे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे नुसत्या पाण्यापुरते आजींचे म्हणणे अर्धे खरे होते. हगवणीत नुसते पाणी आतड्यात नीट टिकत नाही. साखर-मिठाचे पाणी टिकते. तरीही नुसते पाणी बंद करण्यापेक्षा दिलेले केव्हाही बरे.

याची सर्वांत कठोर परीक्षा १९७१ साली बंगालच्या सरहद्दीवर बनगाव येथे झाली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा माजला, शिरेतून देण्याचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटावयास लावले, आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या आईबापांवर सोपविले. जेथे शंभरात तीसपर्यंत माणसे मरत होती तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्या वेळी किती शाळांतून त्यांचे नाव घेतले गेले, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. आमच्या शाळेत घेतले गेले नव्हते.

आमच्या कोकणी घरात पोट बिघडले की आई मिठाची पेज देई. तांदूळ पार विरघळेस्तोवर शिजवलेली, वर मिठाचा खडा. त्या वेळी आम्ही तोंड वाकडे करीत असू. तांदळाच्या पिठुळाचे आतड्यात हळूहळू साखरेत रूपांतर होते, म्हणजे पेजेच्या वाटीत तेच सूत्र आहे हे पुष्कळ नंतर कळले. विदर्भाच्या या टोकाला तांदळापेक्षा ज्वारीचा मान मोठा. पण पातळ, मीठ घातलेली पेज येथेही कोणास करता येईल.

एका हगवणीची गोष्ट अशी सोपी आहे. वारंवारच्या संसर्गाची गोष्ट सोपी नाही. ज्या मुलाच्या पोटात दररोज हातांवरून, मातीतून, पाण्यातून थोडे थोडे मळाचे जंतू जात राहतात, त्याला प्रत्येक वेळी जुलाब होतीलच असे नाही. मूल खेळते, हिंडते. पण आतड्याचे मखमली अंकुर झिजून बुटके होतात, अस्तर सुजते, शिवण सैल पडते. नको ते रक्ताकडे झिरपते, त्याच्याशी झुंजण्यात शरीराची शक्ती खर्च होते, आणि हवे ते अन्न पुरते शोषले जात नाही. मूल खाते आणि वाढत नाही. गॅम्बिया देशात १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालकांना दोन प्रकारची साखर पाजली: एक लहान कणांची, जी सहज आत जाते, दुसरी मोठ्या कणांची, जी शिवण उसवली असेल तरच जाते. मग लघवीत दोन्हींचे प्रमाण मोजले. बालकांच्या खुंटलेल्या वाढीपैकी ४३ टक्के भागाचा संबंध या गळतीशी जुळला. उलट बाजूची साक्षही आहे. आशियात काही काळ राहिलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या आतड्यांतही असेच झिजलेले अंकुर सापडले होते. ते मायदेशी परतल्यावर काही महिन्यांत पुन्हा वाढले. तेव्हा दोष वंशाचा नव्हे, जन्माचा नव्हे. ज्या मुलाला 'हडकुळ्या' म्हणून चिडविले जाते, त्याच्या बाबतीत हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

यावर कोणी म्हणेल, मग शौचालये बांधा म्हणजे झाले. आम्हीही असेच म्हणत होतो. परंतु आपल्याच मध्य प्रदेशात, धार आणि खरगोन जिल्ह्यांतील ८० गावांत, संपूर्ण स्वच्छता अभियानाची पद्धतशीर परीक्षा झाली; तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. अभियान झालेल्या गावांत चांगली शौचालये असलेली घरे १०० पैकी ४१ होती, इतर गावांत २२. म्हणजे बांधकाम झाले. पण अभियानाच्या गावांतील मोठ्या माणसांपैकीही शंभरात सत्तरांहून अधिक जण उघड्यावर जातच होते. आणि पाच हजारांहून अधिक मुलांची पाहणी करूनही त्यांच्या जुलाबांत किंवा वाढीत सुधारणा दिसली नाही. पुढे २०१८-१९ मध्ये बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे येथील मोठ्या प्रयोगांतही शौचालय, साबण आणि पाणी यांनी मुलांची उंची वाढली नाही. बांगलादेशात जुलाब मात्र कमी झाले.

हे आकडे वाचून आम्ही दोन दिवस अस्वस्थ होतो. ज्यांना स्वच्छतेची कटकट नको, त्यांच्या हाती हे आयते कोलीत आहे. आमचे मत वेगळे आहे. अर्धे गाव स्वच्छ झाले म्हणजे मुलाच्या हातावरचा मळ अर्धा होत नाही. माशी कुणाचे घर बांधलेले आणि कुणाचे न बांधलेले हे पाहून बसत नाही. अर्ध्या उपायाने काही झाले नाही म्हणून उपाय खोटा, असे म्हणणे आम्हांस पटत नाही. दोनदा शिवून सोडून दिलेल्या गोणीतून धान्य सांडते, म्हणून सुईला दोष देण्यासारखे ते आहे. अमरावतीच्या मातीत जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले, ते गावातील निम्म्या गल्ल्या झाडण्यासाठी नव्हे.

दुसरीकडे बाजार काय करतो ते पाहा. मोबाइलवर 'गळके आतडे' या नावाची भीती विकली जात आहे आणि तिच्यावर उतारा म्हणून भुकटीचे डबे. भीतीला जागा आहेच. २०२५ साली शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक लेकरे दगावली. तेव्हापासून आमच्या पालकांचा कोणत्याच बाटलीवर विश्वास उरला नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण बाटलीचे भय भुकटीच्या भोळ्या भक्तीत बदलावे हे बरे नव्हे. सीलिॲक किंवा क्रोन यांसारख्या रोगांत शिवण सैल असते हे खरे. ती आधी सैल होते की रोगामुळे होते, यावर जाणत्यांत अजून वाद आहे. अलेस्सिओ फसानो यांनी २००० साली शिवण सैल करणारे 'झोन्युलिन' नावाचे द्रव्य पुढे आणले. परंतु ते मोजणारे बाजारातील काही संच प्रत्यक्षात भलतीच प्रथिने मोजतात, असे पुढे आढळले. सीलिॲकसाठी शिवण घट्ट करणाऱ्या एका औषधाचा प्रयोग शेवटच्या टप्प्यावर पोहोचून २०२२ साली निष्फळ ठरून थांबला. मोठ्या प्रयोगशाळांना जे साधले नाही ते डब्यातील भुकटीला साधले, यावर आम्ही विश्वास ठेवीत नाही.

शिवणीला जे खरोखर मानवते ते आपल्या परसात आहे. संत्रे सोलले की आपली मुले वरचे पांढरे धागे एकेक करून टाकून देतात. संत्र्याच्या या मुलखात तरी असे होऊ नये. त्या धाग्यांतील आणि ज्वारी, डाळी, भाज्या यांतील तंतू आपल्याला पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातील जंतूंना पचतात. त्यापासून ते 'ब्यूटिरिक' आम्ल तयार करतात. खवट लोण्याला जो वास येतो तो याच आम्लाचा. तेथील पेशींचे मुख्य अन्न हेच, आणि प्रयोगांत याने शिवण घट्ट होताना दिसली आहे. उलट, दिवसभर कापूस वेचून अंग दुखते म्हणून रिकाम्या पोटी रोज घेतली जाणारी वेदनाशामक गोळी शिवण उसवते. डॉक्टरने सांगितली तर गोळी अवश्य घ्यावी. पानाच्या ठेल्यावर मिळते म्हणून घेऊ नये.

आणि हगवण लागली तर? ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, कमी नाही जास्त नाही, आणि ते पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा. अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवावे. उपाशी अस्तर स्वतःची डागडुजी करू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना २००४ पासून दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देण्यास सांगते. त्या सरकारी दवाखान्यात मिळतात. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, गुंगी, पाणीही न पिणे, यांपैकी काही दिसले तर घरी थांबू नये. आणि दुकानातील रंगीत गोड पेयाच्या डब्याला ओआरएस समजू नये. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यासच मनाई केली आहे.

आता आमच्या घरची गोष्ट. यंदा स्नेहसंमेलनाला मोठी कमान उभारली, तीवर नव्या जिल्ह्याचे नाव दिव्यांनी लिहिले. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून जिल्हा झाला याचा आनंद आम्हांसही आहे. पण त्याच दिवशी मुले नळाखाली नुसते हात ओले करून मध्यान्ह भोजनाच्या पंगतीस बसत होती, कारण नळावर साबण नव्हता. आम्ही हे शिक्षकसभेत बोललो. कोणी म्हणाले, साबण ठेवला की चोरीस जातो. हे खरे निघाले. भाद्रपदापासून आम्ही सहा नळांवर जुन्या मोज्यांत घालून साबणाच्या वड्या टांगल्या आहेत. आठवीची तीच मुलगी त्यांची देखरेख करते आणि वहीत हिशेब ठेविते. आठवड्याला चार वड्या झिजतात आणि दोन नाहीशा होतात. नाहीशा होणाऱ्या कोणाच्या घरी जातात, याची आम्ही चौकशी केलेली नाही. तेथेही त्यांनी हातच धुतले जात असतील.